धारवाडी पेढ्याची कृती: वजनकाटा आणि थर्मामीटरसह

तारिहाळ हे हुबळीच्या कडेचं गाव. बाहेरच्या माणसाला त्याचं नाव कळतं ते तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे. या भागात द्रव्याचे भौतिक आणि रासायनिक बदल शिकवायचे तर बर्फ वितळवून आणि कागद जाळून दाखवायची गरज नाही. हुबळी-धारवाड या जोडशहरांत रोज पांढरं दूध कढईत पडतं आणि तपकिरी पेढा होऊन बाहेर येतं. मधल्या वेळात त्या कढईत आठवीच्या पुस्तकातलं ‘द्रव्याचे संघटन’ जवळजवळ सगळं येऊन जातं.

शाळेतली बर्फ आणि कागद ही उदाहरणं मला फार सोयीची वाटतात. बर्फाचं पाणी होतं, पाण्याचा पुन्हा बर्फ होतो, म्हणून तो भौतिक बदल. कागदाची राख होते, राखेचा कागद होत नाही, म्हणून तो रासायनिक. यातून मुलं नियम काढतात की उलटा फिरवता आला तर भौतिक, नाही आला तर रासायनिक. परीक्षेत हा नियम चालतो, स्वयंपाकघरात टिकत नाही. मिक्सरमध्ये पिठी केलेली साखर तोच मिक्सर पुन्हा दाणेदार करून देत नाही, तरी ती साखरच असते. उलट मोबाइलची बॅटरी उतरते तेव्हा आत रासायनिक बदल होतो आणि चार्जर लावला की तोच बदल मागे फिरतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: नवा पदार्थ तयार झाला का? पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न विचारा. काही ठिकाणी उत्तर ‘थोडा झाला, थोडा नाही’ असं येईल, आणि ती ठिकाणंच जास्त मजेची आहेत.

धारवाडी पेढ्याचं मूळ उत्तर प्रदेशात. प्लेगच्या साथीमुळे उन्नाव सोडून ठाकूर घराणं धारवाडला आलं आणि पोटापाण्यासाठी पेढे करू लागलं, असं सांगतात. लाइन बाजारातलं बाबूसिंग ठाकूर यांचं दुकान ही त्या पेढ्याची जुनी ओळख. पुढे मिश्रांच्या दुकानांनी तो गावोगाव नेला. आता त्याला भौगोलिक मानांकनही आहे. दूध म्हणायचं तर इथल्या गवळ्यांनी सांभाळलेली, अर्धगोल शिंगांची धारवाडी म्हैस. तिची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे नोंदही झाली आहे. जुन्या दुकानांची नेमकी रीत त्यांच्या घरातच राहिली आहे. खाली आहे ती घरगुती रीत, मोजमाप करून पाहायची.

काय काय लागेल

म्हशीचं ताजं, साय न काढलेलं दूध २ लिटर, आणि प्रयोगांसाठी वेगळं दोन वाट्या. साखर १२० ग्रॅम. घोळवायला पिठीसाखर ४० ग्रॅम. चमचाभर तूप, चार-पाच वेलदोडे. जाड बुडाची, पसरट तोंडाची कढई आणि लांब दांड्याचं उलथणं. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. २०० अंशांपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही आणि पाऱ्याचा तर अन्नाजवळ आणूच नये. शिवाय टॉर्च, एक लिंबू, चिमूटभर खायचा सोडा आणि टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली. वेळ दोन तास धरा. मुलं सोबत असतील तर उकळीपर्यंत त्यांना ढवळू द्या, त्यानंतर उलथणं मोठ्यांनी घ्यावं. आटत आलेलं दूध उडतं आणि त्याचा चटका पाण्यापेक्षा वाईट असतो, कारण ते कातडीला चिकटून राहतं.

दूध तोला आणि तपासा

रिकामी कढई तोलून आकडा लिहून ठेवा. मग दूध ओता आणि पुन्हा तोला. २ लिटर पाणी २ किलो भरलं असतं. दूध साधारण २ किलो ६० ग्रॅम भरेल. त्यात विरघळलेली साखर, क्षार आणि प्रथिनं पाण्याहून जड, तर स्निग्धांश हलका. हा घनतेचा फरक दुग्धमापक पकडतो, पण त्याला फसवणंही अवघड नाही. साय काढली की घनता वाढते, पाणी घातलं की उतरते. दोन्ही केलं तर काटा पूर्वीच्याच जागी येतो. एकाच गुणधर्मावरून पदार्थ ओळखू नये, हा धडा दूधवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या दिलेला आहे.

आता खोलीतला दिवा बंद करा. एका पेल्यात पाण्यात अर्धा चमचा दूध, दुसऱ्यात चमचाभर साखर विरघळवा आणि दोन्हींतून बाजूने टॉर्च मारा. साखरेच्या पाण्यात प्रकाशाची वाट दिसत नाही, दुधाच्या पाण्यात ती झोतासारखी उमटते. साखरेचे रेणू प्रकाश अडवण्याइतके मोठे नाहीत, म्हणून ते द्रावण. दुधातले केसीन प्रथिनाचे पुंजके आणि स्निग्धांशाचे थेंब प्रकाश विखुरण्याइतके मोठे आहेत, म्हणून ते कलिल. मात्र दुधात द्रावणही आहेच. दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, त्याच पाण्यात साखरेसारखी विरघळलेली असते. म्हशीच्या दुधात ढोबळमानाने ८३ टक्के पाणी, ६ ते ७ टक्के स्निग्धांश, ५ टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज, ४ टक्क्यांच्या थोडी पुढेमागे प्रथिनं आणि उरलेले क्षार. हे आकडे लिहून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहेत.

वेगळ्या ठेवलेल्या दुधातलं अर्धी वाटी एका छोट्या स्टीलच्या भांड्यात उकळून पाहा. फाटलं तर ते दूध पेढ्याच्या कामाचं नाही. जिवाणूंनी लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल करायला सुरुवात केलेली असते. हा अस्सल रासायनिक बदल आणि त्याला चुलीची गरज नसते. नाही फाटलं तर त्यात लिंबाचे थेंब टाका. आम्लता पुरेशी वाढली की केसीनच्या पुंजक्यांवरचा विद्युतभार नाहीसा होतो आणि एकमेकांना दूर ठेवणारे पुंजके गोळा होऊन साका तयार होतो. आता सोडा टाकून हे उलटं फिरवा. फेस येईल, साका थोडा मऊ पडेल, थोडा विरघळेलही, पण दूध होणार नाही. केसीन अल्कलीत विरघळतं हे खरं. तरी पुंजक्यांची मूळ रचना, त्यांना बांधून ठेवणारं कॅल्शियम आणि साक्यात अडकलेले स्निग्धांशाचे थेंब आपापल्या जागी परत जात नाहीत. हे भांडं बाजूला ठेवा, त्यातलं काही खायचं नाही.

उकळी, आणि दोन प्रकारचं पाणी

कढई गॅसवर ठेवा. दूध फ्रीजमधलं गार असेल तर पहिल्या मिनिटभरात कढईच्या बाहेरच्या अंगाला पाहा, बुडाच्या कडेने दमट झाक येते. कढई गळत नाही. तो गॅसच्या जळण्यातून नुकताच जन्मलेला पाण्याचा अंश आहे. सिलिंडरमधल्या ब्यूटेन आणि प्रोपेनमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो तेव्हा पाणी होतं, कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. दहा मिनिटांनी दुधाच्या वाफेवर गार ताटली धरा, तिलाही थेंब लागतील. तेही पाणीच, पण ते म्हशीच्या आचळातून आलेलं जुनं पाणी. द्रवाचं वायू आणि वायूचं पुन्हा द्रव झालं एवढंच. एकाच कढईच्या बाहेर रासायनिक बदलाचं पाणी आणि वर भौतिक बदलाचं. दोन्ही थेंब चाखून फरक कळणार नाही. बदल भौतिक की रासायनिक हे हाती काय आलं एवढ्यावरून ठरत नाही, ते कशातून आलं तेही पाहावं लागतं.

थर्मामीटर बुडवा. दूध उकळताना १०० अंश दिसावेत असं वाटेल, पण तारिहाळमध्ये आकडा ९८ च्या आसपासच थांबेल. हुबळीचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच आहे, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ अंशांच्या जरा अलीकडेच उकळतं. दुधात विरघळलेल्या पदार्थांमुळे त्याचा उत्कलनांक पाण्याहून किंचितच वर जातो. हीच कृती मुंबईत केली तर शंभर पार होईल, महाबळेश्वरला ९६ च्या आसपास राहील. उत्कलनांक पाठ करताना त्यासोबत दाबही पाठ करायला हवा होता; तो पुस्तकात कंसात असतो आणि कंस कोणी वाचत नाही.

पुढचा पाऊण तास एक गोष्ट ध्यानात ठेवा. आच कितीही वाढवा, पाणी भरपूर आहे तोवर दुधाचं तापमान फारसं वर जाणार नाही. वरची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. २५ अंशांचं १ किलो पाणी उकळीला आणायला सुमारे ३०० किलोज्यूल पुरतात, ते सगळं वाफ करायला २२६० लागतात. आपल्याला १६०० ग्रॅमहून अधिक पाणी घालवायचं आहे. हिशेब केला तर आटवण्यासाठी दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा शंभरावा हिस्सा. आणि त्या दीडशे ग्रॅम गॅसमधून सव्वादोनशे ग्रॅमहून अधिक नवं पाणी तयार होऊन स्वयंपाकघराच्या हवेत जातं. जळून ‘नाहीसा झालेला’ गॅस जळण्यापूर्वीपेक्षा जड होतो, कारण त्याने हवेतला ऑक्सिजन घेतलेला असतो. लव्हॉझियेने अठराव्या शतकात तराजू घेऊन बसल्यावर हेच दाखवलं होतं.

आटवताना

पसरट कढई घ्यायची ती पृष्ठभाग वाढावा म्हणून. खरवडत, ढवळत राहा. वर साय धरते. ती निव्वळ स्निग्धांशाची नसते. साधारण ७० अंशांपुढे दुधातल्या निवळीच्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत आणि केसीनमध्ये गुंततात, आणि पृष्ठभाग वाळला की त्यांचं पटल होऊन त्यात स्निग्धांश अडकतो. नवा पदार्थ झाला का? अमिनो आम्लांची साखळी तुटलेली नाही, तिचा आकार बदलला. पण काही ठिकाणी नवे गंधक-गंधक बंधही जुळले. हीच ती ‘थोडा झाला, थोडा नाही’ची पहिली जागा. उकळलेल्या दुधाला येणारा ओळखीचा वास त्या गंधकामुळेच असतो.

तळाशीही एक थर जमतो. साखर पाणी तापलं की जास्त विरघळते, पण कॅल्शियम फॉस्फेटचं उलटं आहे, ते गरम दुधात कमी विरघळतं. म्हणून प्रथिनांसोबत ते बुडाला चिकटतं आणि त्याच जागी दूध लागतं. उलथणं बुडाला टेकवूनच फिरवायचं, नुसतं वरवर ढवळून उपयोग नाही.

दूध निम्मं झालं की रंग किंचित पिवळट होतो. तिसरा हिस्सा उरला की बुडबुड्यांचा आवाज बदलतो, पातळ खदखद जाऊन जाड फटफट येते. इथे आच कमी करा. मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा होऊ लागलं आणि कडेला तुपाची चमक दिसली की खवा झाला. ती चमक म्हणजे आवरण फाटून मोकळा झालेला स्निग्धांश.

खवा तोला

कढईसकट तोला आणि रिकाम्या कढईचं वजन वजा करा. ४३० ते ४५० ग्रॅम यावा. ४४० धरू. दुधातले पाणी सोडून सगळे घटक मिळून १७ टक्के होते, म्हणजे २०६० ग्रॅममध्ये सुमारे ३५० ग्रॅम. म्हणून खव्यात ९० ग्रॅम पाणी शिल्लक आहे.

आता लॅक्टोजचा हिशेब करा. २०६० ग्रॅममध्ये ५ टक्क्यांनी शंभरेक ग्रॅम लॅक्टोज होतं; त्यातलं काही उडून जाण्यासारखं नाही. पण साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम २० ग्रॅम लॅक्टोज विरघळतं. ९० ग्रॅम पाण्यात १८ ग्रॅमच मावणार, उरलेल्या ८० ग्रॅमने जायचं कुठे? खवा गरम असतो तोवर ते मावून जातं, गार होताना स्फटिक होऊन बाहेर पडतं. बाजारचा शिळा खवा जिभेला रेताड लागतो तो या स्फटिकांमुळे. कोणी रवा मिसळल्याचा संशय घेण्याआधी हे आठवावं.

संशय गेलाच नाही तर चमचाभर खवा पाण्यात उकळून पूर्ण गार करा आणि आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात पिष्ट आहे. गार करणं महत्त्वाचं, कारण पिष्टाच्या मळसूत्री साखळीत आयोडीन शिरून जो निळा रंग येतो तो गरम केल्यावर जातो आणि गार झाल्यावर परत येतो. उलटं फिरणाऱ्या रंगाचं हे उदाहरण ‘उलटा फिरतो तो भौतिक’ या नियमाची आणखी पंचाईत करतं. नमुना फेकून द्या.

दुसरा चमचा खवा कोमट पाण्यात घोटून पाहा. दुधासारखं पांढरट काहीतरी होईल, पाच मिनिटांत वर स्निग्धांश आणि खाली गाळ बसेल. पाणी काढलं आणि पाणी परत घातलं, तरी दूध परत आलं नाही. बाष्पीभवन स्वतः भौतिकच होतं; पण ते चालू असताना शेजारी दुसरं बरंच काही घडून गेलं.

भाजणं

साधा पांढरा पेढा इथे साखर घालून संपतो. धारवाडी पेढा इथे सुरू होतो.

खवा मोकळा करून कढई मंद आचेवर ठेवा आणि मधूनमधून गोळ्यात थर्मामीटर खुपसा. पहिल्यांदा आकडा शंभराभोवतीच घुटमळेल, ते ९० ग्रॅम पाणी अजून पहारा करतं आहे. जसजसं ते जातं तसा आकडा १०५, ११०, मग ११५ असा सुटतो. बुडाशी तापमान याहून बरंच जास्त असतं. आणि इथे रंग चढू लागतो, आधी मलईदार, मग गुलाबीकडे झुकणारा, मग विटकरी, मग तपकिरी. वासही बदलतो, दुधाचा वास मागे पडतो आणि भाजलेल्या दाण्यांच्या जवळचा काहीतरी येतो.

हा बदल फ्रान्सच्या लुई कामी मायार यांनी १९१२ मध्ये मांडला, म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो. प्रथिनांतल्या लायसीन या अमिनो आम्लाचं मोकळं टोक लॅक्टोजला जाऊन चिकटतं. त्या जोडीतून पाण्याचा रेणू निसटतो, जोडी पुन्हा पुन्हा आपली मांडणी बदलते, तुटते, तुकडे दुसऱ्या तुकड्यांना जुळतात आणि शेवटी मोठे तपकिरी रेणू तयार होतात. वाटेत निसटलेले छोटे उडणारे रेणू म्हणजे तो वास. या गुंतागुंतीचा नीट आराखडा अमेरिकेत जॉन हॉज यांनी १९५३ मध्ये मांडला, म्हणजे मायारनंतर तब्बल चाळीस वर्षांनी. पेढेवाल्यांनी वाट पाहिली नाही, हे बरंच झालं.

या रंगाला अनेक जण ‘साखर जळाली’ म्हणतात. ते चूक आहे, आणि चूक असल्याचं तुम्ही दहा मिनिटांत सिद्ध करू शकता. एका छोट्या तव्यावर चमचाभर कोरडी साखर, दुसऱ्यावर चमचाभर खवा, दोन्ही सारख्याच मंद आचेवर ठेवा. खवा तपकिरी होऊ लागतो तेव्हा साखर अजून पांढरीच असते. साखरेला एकटीने रंग धरायला १६० अंशांच्या आसपास जावं लागतं. शिवाय आपली साखर अमिनो आम्लांशी थेट जुळत नाही, कारण तिच्या दोन्ही अर्ध्या भागांची क्रियाशील टोकं एकमेकांत अडकलेली असतात. लॅक्टोजचं एक टोक मोकळं असतं. तव्यावरची साखर तशीच ठेवलीत तर ती वितळेल, सोनेरी होईल, मग कडू काळा कोळसा होईल. तो वेगळा रासायनिक बदल, त्यात प्रथिनाचं काही काम नाही.

दुसरा छोटा प्रयोग. खव्याच्या दोन सारख्या गोळ्यांपैकी एकात नखभर सोडा मळा आणि दोन्ही एकाच तव्यावर भाजा. सोड्याचा गोळा लवकर आणि गडद होतो. अल्कलीत अमिनो टोकं जास्त मोकळी होतात, म्हणून क्रिया वेगाने चालते. उन्हाळ्यात दूध फाटू नये म्हणून त्यात सोडा टाकणारे असतात. अशा दुधाचा खवा फारच चटकन रंग धरू लागला तर थोडा संशय घ्यायला हरकत नाही. पेढ्याचा रंग झटपट आणायला मात्र सोडा वापरू नका. रंग येतो, चव साबणाकडे जाते, आणि खरं सांगायचं तर मंद भाजण्यात जे वीस-पंचवीस मिनिटं हळूहळू घडतं त्याला आडवाट नाही.

भाजताना हातात ठेवायचा ब्रेक म्हणजे गार दुधाचा चमचा. रंग भराभर चढतो आहे, कडा काळवंडतात असं दिसलं की चमचाभर दूध शिंपडा. चर्रर होऊन आकडा झर्रकन खाली येतो. त्या चमच्यातल्या पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते ती खव्यातून ओढली जाते. पाणी गेलं की पुन्हा आकडा वर. असं तीन-चारदा केलं की आतपर्यंत एकसारखा रंग येतो आणि दाणाही धरतो. पाण्याला इथे चवीसाठी बोलावलेलं नसतं, तापमान राखायला बोलावलेलं असतं. शेवटी चमचाभर तूप सोडा, विटकरी-तपकिरी रंग आला की गॅस बंद. कढईतली उष्णता अजून दोन मिनिटं काम करत राहते, म्हणून हव्या त्या रंगाच्या एक छटा अलीकडेच थांबा.

पुन्हा तोला. ३८० ग्रॅमच्या आसपास भरेल. कमी झालेले ६० ग्रॅम बहुतांशी जुनं पाणी. त्यात मायारच्या क्रियेतून नव्याने सुटलेलं पाणीही थोडं आहे, पण घरचा वजनकाटा ते वेगळं दाखवू शकत नाही.

साखर

पाच मिनिटांनी, खवा गरमच असताना, १२० ग्रॅम साखर घाला आणि अगदी मंद आच द्या. नवशिक्याची इथे घाबरगुंडी उडते, कारण घट्ट झालेला गोळा एकदम सैल पडतो. साखर ‘पाघळली’ असं आपण म्हणतो. पण ती वितळलेली नाही, वितळायला तिला फार जास्त तापमान लागलं असतं. ती खव्यात उरलेल्या पाण्यात विरघळली. उकळत्या पाण्यात स्वतःच्या जवळजवळ पाचपट साखर विरघळते, म्हणून तीस ग्रॅम पाणीही १२० ग्रॅम साखर पोटात घेऊ शकतं, आणि विरघळलेली साखर मिळून द्रवाचं आकारमान वाढतं म्हणून गोळा सैल होतो. नवा पदार्थ? नाही. निखळ भौतिक बदल, आणि सगळ्या कृतीत डोळ्यांना सर्वांत नाट्यमय दिसणारा. जे सर्वांत मोठं दिसतं ते रासायनिक असेलच असं नाही.

पाच-सात मिनिटं परतून मिश्रण पुन्हा जमू लागलं की उतरवा आणि गरम असतानाच जोरात घोटा. साध्या तापमानाला पाण्यात साखर दुपटीनेच विरघळते, म्हणजे गार होताना जादा साखरेला बाहेर पडावंच लागतं. गरमागरम घोटलं तर स्फटिक मोठे, जाणवणारे बनतात. कोमट झाल्यावर घोटलं तर फार बारीक आणि मुलायम. साताऱ्याच्या कंदी पेढ्याच्या आणि धारवाडी पेढ्याच्या पोतावर लोक तावातावाने बोलतात, त्यातला काही भाग तरी स्फटिक कधी जमू दिले यावर ठरतो. धारवाडीला रवाळपणा हवा, म्हणून गरम.

वेलदोड्याची पूड अगदी शेवटी, मिश्रण कोमट झाल्यावर. तिचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. भाजताना घातली तर तो सगळा स्वयंपाकघराला मिळतो आणि पेढ्याला काही उरत नाही.

वळणं आणि ठेवणं

मिश्रण हाताला सोसेल इतकं गार झालं की वळून पाहा. भुगा होत असेल तर मिक्सरमध्ये एक-दोनदा फिरवा, चमचाभर दूध घाला आणि पुन्हा मळा. वळलेले पेढे पिठीसाखरेत घोळवा. पेढा पूर्ण गार असायला हवा. कोमट पेढ्यातून निघणारी वाफ पिठीसाखरेत अडकते, साखर विरघळते आणि पांढऱ्या भुरभुरीत थराऐवजी चिकट पाक होतो. पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे डबा उघडा राहिला तरी हेच होतं.

साधा खवा बाहेर दोन दिवस टिकत नाही, हा पेढा बराच जास्त टिकतो. पाणी कमी, आणि जे आहे ते साखरेने धरून ठेवलेलं, त्यामुळे जिवाणू आणि बुरशीला ते सहजी मिळत नाही. तरी घरच्या पेढ्याला आठवड्याच्या आत संपवावं. त्याहून जास्त ठेवला तर आधी चव नव्हे, स्निग्धांश बिघडतो. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होऊन खवट वास येतो.

कढई घासणं

ही पायरी पाककृतीच्या पुस्तकांत नसते, पण रसायन हिच्यातही आहे. बुडाला दोन वेगळे थर असतात आणि त्यांना दोन वेगळे उपाय लागतात. करपलेल्या प्रथिनांचा तपकिरी थर अल्कलीने सुटतो, म्हणून कढईत पाणी आणि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं उकळा, मग लाकडी उलथण्याने खरवडा. त्याखाली पांढरट, खरखरीत डाग उरले तर ते कॅल्शियम फॉस्फेटचे. ते आम्लात विरघळतात, त्यांना लिंबू किंवा व्हिनेगर चोळा. सोडा आणि लिंबू एकाच वेळी टाकायची लोकांना हौस असते, कारण फेस छान येतो. फेस येतो तो दोघं एकमेकांना संपवतात म्हणून, डागाला काही उरत नाही. आधी सोडा, मग स्वच्छ धुऊन, मग आम्ल. कढई ॲल्युमिनियमची असेल तर सोड्याचं पाणी उकळू नका, ती काळवंडते. लोखंडी असेल तर आम्ल दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, लगेच धुऊन कापडाने कोरडी करा, गॅसवर मिनिटभर तापवा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा. नाही तर सकाळी तिच्यावर गंजाचा तांबूस थर आलेला असेल.